खोड्याच्या खुंट्यांची शेपटं

आमच्या बापाचा हात फार चालायचा. लाकडावर चालायचा तसाच आमच्यावर. गावात त्याला सगळे मिस्त्री म्हणतात, आणि मिस्त्रीच्या अंगणातून धपाधप आवाज यायला लागला की शेजारचे आधी कान देऊन ऐकायचे, मार कुणाला बसतोय, लाकडाला की पोराला. आता तो म्हातारा झाला. डोळ्यांत भिंगं बसवून झाली, दाढा गेल्या, पण हात अजून जागच्या जागी आहे. मीही सुतारकीच करतो, माझेही केस पिकायला लागलेत, आणि माझ्याही नाकावर राग कायम बसलेला असतो. तो कुठून आला हे कुणाला विचारायला जायची गरज नाही.

त्याच्याकडून मी जे शिकलो ते मार खाऊनच शिकलो, म्हणून ते विसरता येत नाही. आडव्या लाकडाच्या टोकाला जीभ कोरायची, तिला आम्ही चूल म्हणतो. उभ्या खांबात तिच्या मापाचं खोल भोक पाडायचं, ते साल. चूल सालात शिरली की बाजूनं दोघांच्या आरपार छिद्र पाडायचं आणि त्यात लाकडी खुंटी ठोकायची. एवढं कुणीही करतं. आमच्या घरची गोष्ट पुढची आहे. चुलीतलं छिद्र खांबाच्या छिद्राच्या बरोबर समोर पाडायचं नाही. ते चुलीच्या मुळाकडे, म्हणजे खांद्याकडे, जरासं सरकवायचं. जवारीच्या दाण्याएवढं. मग निमुळती खुंटी ठोकायला लागलं की तिला सरळ वाट मिळत नाही. ती वाकते, कुरकुरते, आणि घुसता घुसता आडव्या लाकडाला खांबाच्या अंगावर खेचून घेते. ह्याला खेच म्हणायचं. तुरीच्या दाण्याएवढी खेच दिली तर चूल फाटते, आणि उलट्या बाजूला दिली तर प्रत्येक ठोक्याला सांधा आवळायच्या ऐवजी उघडतो.

लहानपणी मी एकदा उलट्या बाजूला खूण केली. बापानं माझा हात ओढला, बाभळीची खुंटी माझ्या दोन बोटांच्या मध्ये ठेवली आणि मूठ दाबली.

"खेच कोन्या बाजूनं?"

मी ओरडत होतो. तो दाबत होता.

"कोन्या बाजूनं बे?"

"खांद्याकडून! खांद्याकडून!"

तेव्हा सोडलं. आजही खूण करायला पेन्सिल टेकवली की आधी माझी ती दोन बोटं दुखतात, मग मला बाजू आठवते. ह्याला कुणी शिक्षण म्हणत असेल तर खुशाल म्हणावं. मी माझ्या पोरांना कधी हात लावला नाही, पण लावायची इच्छा झाली नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल.

आमच्या गावाच्या पाण्याच्या टाकीजवळ बापानं केलेला खोडा आहे. खोडा म्हणजे जनावर उभं जखडून ठेवायचा लाकडी सांगाडा. चार खांब, दोन्ही बाजूंना पोटाच्या उंचीवर आडवे वासे, पुढं मान अडकवायची चौकट. लस टोचायची असो, वेसण घालायची असो की खुरात काही रुतलेलं काढायचं असो, बैल त्यात घातला की त्याला मागं-पुढं होता येत नाही. सगळं अंजनाचं लाकूड. लोखंडाचा एक खिळा त्यात नाही, आणि हे बाप भेटेल त्याला ऐकवतो, ऐकणारा लग्नाच्या पंगतीत बसलेला असला तरी.

त्या खोड्यात त्यानं खुंट्या आतल्या बाजूनं ठोकल्या होत्या आणि प्रत्येकीचं मागचं जाड टोक चार बोटं बाहेर ठेवलं होतं. त्याला तो शेपूट म्हणायचा. लाकूड वाळून आकसलं, सांधा ढिला झाला, की शेपटावर दोन ठोके द्यायचे, निमुळती खुंटी आणखी आत जाते आणि सांधा पुन्हा आवळतो. आणि ठोके द्यायला माणूस नसला तरी चालतं, कारण बैल आत धडपडला की त्याची कूसच शेपटावर आपटते. बैल जेवढा जोर करील तेवढा खोडा घट्ट होत जातो. "बैलच आपला खोडा आवयते," असं बाप सांगायचा तेव्हा त्याचा चेहरा फार खूश दिसायचा. मला ते लहानपणीही भयंकर वाटायचं.

आता बैलाची गोष्ट. आमच्या गल्लीत एक काकू राहतात. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर लावतात आणि धामणगाव बढेच्या बाजारात नेऊन विकतात. काका गेल्यापासून घरात त्या आणि तो बैल, दोघंच. बैलाची आई तो दूध पीत असतानाच साप चावून मेली, म्हणून काकूंनी त्याला बाटलीनं दूध पाजून वाढवला. तो मोठा झाला तरी त्यांच्या पदराला तोंड लावायचा. गल्लीतले लोक हसायचे, आणि काकू हसणाऱ्यांना शिव्या द्यायच्या. माझ्यासारख्या माणसाशी त्यांचं बरं जमायचं.

ह्या बैलाचं शिंग बिघडलं. आधी तो मान झटकायचा, मग गोठ्याच्या खांबावर डावं शिंग घासायला लागला. शिंग मुळातून मऊ होऊन खाली कलायला लागलं आणि त्याच बाजूच्या नाकपुडीतून रक्त यायला लागलं. शिंगाचा कॅन्सर. दुखण्यानं तो बैल पार पिसाळला. काकूंचा दीर चारा टाकायला गेला तर त्याला चांगल्या शिंगावर उचलून भिंतीवर आपटला. बरगड्या मोडल्या. दावं तोडून तो गल्लीत आला तेव्हा बायांनी पोरं उचलून दारं लावली, आणि तो समोरच्या मोटारसायकलला धडका देत राहिला, ती चपटी होईपर्यंत. काकू एकट्या त्याच्या समोर गेल्या. त्यांना त्यानं काही केलं नाही. नुसता उभा राहिला आणि थरथरत राहिला.

जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडम आल्या. तरुण, अंगानं बारीक. त्यांनी लांबूनच पाहिलं आणि सांगितलं, शिंग मुळापासून काढावं लागेल, उशीर केला तर आजार डोक्यात उतरेल आणि बैल जाईल. दवाखान्यातला लोखंडी खोडा चांगला, म्हणून बैल पिकअपमध्ये चढवायचा प्रयत्न झाला. त्यानं मागची फळी लाथेनं फोडली आणि ड्रायव्हर गाडी घेऊन पळाला. मग मॅडम म्हणाल्या, गावातला खोडा दाखवा.

त्यांनी एका हातानं वासा हलवला. वासा हलला. चांगलाच हलला.

"मी ह्याच्या डोक्याला लागून उभी राहणार आहे," त्या म्हणाल्या. "भूल देतानाच तो सगळ्यात जास्त उसळणार. सांधा सुटला तर बैलाची मान मोडेल, नाहीतर माझी. परवा सकाळी येते. हा हलत नसेल तर शिंग काढते. हलत असेल तर मला क्षमा करा."

त्या बरोबर बोलत होत्या. काकूंनी माझ्याकडे पाहिलं, मग बापाकडे पाहिलं.

मी म्हटलं, लोखंडी पट्ट्या लावू, नटबोल्ट टाकू, दुपारपर्यंत काम होईल. बाप म्हणाला, "बोल्ट लाकूड खाते. बैल दोनदा हिसडला का भोक मोठं होते. माह्या खोड्याले लोखंड लावू नको."

"बाबा, तुमचा खोडा नाही, बैल वाचवाचा हाय."

"मले शिकवून राह्यला काय बे?"

एवढं बोलून तो खांबावरचा रंग खरवडायला लागला. ग्रामपंचायतीनं कधीतरी कुणी साहेब येणार म्हणून खोड्याला निळा ऑइलपेंट मारला होता, सांध्यांच्या फटी लांबीनं, म्हणजे पुट्टीनं, भरून. आमच्याकडे कुठलीही गोष्ट सुधारायची म्हणजे तिला रंग मारायचा. लांबीचे पोपडे खाली पडले आणि बापाचा हात थांबला. त्यानं अंगठा फिरवला. डोळ्यांना दिसत नव्हतं ते अंगठ्याला दिसलं. खुंटीचं शेपूट नव्हतं. खांबाच्या अंगासरसं कापलेलं होतं. त्यानं दुसरी पाहिली, तिसरी पाहिली. सगळी शेपटं कापलेली. म्हणजे कित्येक वर्षं खोडा ढिला होत होता आणि बैलाच्या कुशीला ढकलायला काहीच उरलं नव्हतं.

तो माझ्याकडे वळला.

"गावात बारीक दाताची आरी कोनापाशी हाय?"

"म्या नाही कापल्या."

"मंग कोनं कापल्या? तुह्या बापानं?"

आणि हाणली. थोबाडीत, सगळ्यांसमोर, पाण्याच्या टाकीवर भांडी घेऊन आलेल्या बायांसमोर. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्यांदा त्याचा हात वर आला तेव्हा मी मनगट धरलं. आयुष्यात पहिल्यांदा धरलं. ते हाडकुळं होतं, इतकं की माझी बोटं एकमेकांना भिडली, आणि मला कळलं की मी आणखी थोडं पिळलं तर ते मोडेल. मला ते मोडायचं होतं. मी स्वच्छ सांगतो, त्या घडीला मला दुसरं काही नको होतं. तोही ओळखून होता. डोळे माझ्या डोळ्यांत रोखून तो उभा राहिला, हात सोडवून घ्यायचा प्रयत्नही केला नाही.

"तोड," तो म्हणाला. "तोड नं बे."

"म्या कापल्या," काकू म्हणाल्या.

आम्ही दोघंही वळलो.

"त्याचं... लेकराचं... मनगट," त्या म्हणाल्या, आणि आपण काय बोलतोय ते त्यांचं त्यांनाच कळेना. "मनजे... तू सोड त्याले. म्या कापल्या. वेसन घातली तवाची गोष्ट हाय. लहान होता तो, खोड्यात उसळला, तं दोन्ही कुशीची कातडी निंगाली. रगत वाहून राह्यलं होतं. मी दुपारी आली, इथं कोनी नोतं. फांद्या छाटाची आरी होती माह्यापाशी. म्हटलं खुंटी तं आतमधी हायेच, शेपटाचं काय काम? कापून टाकल्या आन वरून माती लावली."

मी बापाचं मनगट सोडलं. त्यानं खाली पडलेला लाकडी हातोडा उचलला आणि काकूंच्या दिशेनं निघाला. मी मध्ये पडलो. त्यानं मला खांद्यानं ढकललं. काकू जागच्या हलल्या नाहीत, पदर कमरेला खोचून उभ्या राहिल्या. मारायचं तर मार, असा चेहरा.

"अवं माय," बाप ओरडला, "तुह्यासारखीसाठीच होता तो खोडा! असल्याच बैलासाठी!"

आणि तो खांबाला मारायला लागला. काकूंना नाही, मला नाही, खांबाला. एका दमात, दात खात, शिव्या देत. निळ्या रंगाचे तुकडे उडत होते. हातोड्याचा दांडा मोडला आणि डोकं उडून माझ्या नडगीवर बसलं. मीही एक शिवी हासडली. मग तो तिथंच मातीत बसला आणि धापा टाकत राहिला.

शेवटी काकूच बोलल्या, आणि त्यांचा आवाज रागाचा होता.

"तुमचं बापलेकाचं जे असंन ते घरी जाऊन करा. माह्या बैलाच्या जिवावर नोका करू. सांगा, घट्ट होते का नाही?"

बापानं मान वर केली. "होते," तो म्हणाला. "खुंट्या काढ बे."

मी लोखंडी सळई लावून जुन्या खुंट्या मारून मारून काढल्या. काही आतच तुटल्या, त्या कोरून काढाव्या लागल्या. चुलीतली छिद्रं घासून लांबट झाली होती. ती आम्ही बाभळीचे तुकडे ठोकून बुजवली. नव्या खुंट्या घरी होत्या. स्वयंपाकाच्या चुलीवरच्या शिंक्यात वर्षानुवर्षं धूर खाऊन त्या कोळशासारख्या काळ्या झाल्या होत्या. घरात गॅस आल्यावर आईनं ते शिंकं काढायला सांगितलं होतं, तेव्हा बापानं भाताचं पातेलं अंगणात भिरकावलं होतं. त्या खुंट्या करवतीनं कापलेल्या नसतात, वाकसाच्या पात्यानं लाकडाच्या रेषेवर फोडून काढलेल्या असतात. करवतीची खुंटी दिसायला सुबक दिसते आणि जोर बसला की तिरपी तुटते.

खूण करायची वेळ आली तेव्हा बापाला जवळचं काही दिसेना. तो म्हणाला, जवारीचा दाणा द्या. काकू धावत घरी गेल्या आणि ओंजळभर जवारी घेऊन आल्या, एक दाणा मागितला तर. त्यानं खांबाच्या छिद्रातून चुलीवर उमटलेल्या ठशाच्या कडेला दाणा ठेवला, खांद्याच्या बाजूला, आणि अंगठ्याच्या नखानं रेघ मारली. मी त्याच्या मागून पाहत होतो. बाजू बरोबर होती. माझी दोन बोटं दुखत होती.

पहिली खुंटी लावली, आणि मी दुसरा हातोडा उचलला.

"तू नाही," बाप म्हणाला. "तिले दे. तिनं कापल्या, तिलेच मारू दे."

मला वाटलं हा सूड आहे. असेलही. काकूंनी हातोडा घेतला, पहिला घाव हुकला आणि स्वतःच्याच बोटांवर बसला. नख फुटलं. त्यांनी बोट तोंडात घातलं, थुंकल्या आणि पुन्हा मारलं. मग त्या थांबल्याच नाहीत. मारता मारता त्या शिव्या द्यायला लागल्या. शिंगाला दिल्या, सापाला दिल्या, मेलेल्या नवऱ्याला दिल्या, देवाला तर अशा दिल्या की टाकीवरच्या बाया कानावर हात ठेवून हसायला लागल्या आणि मग हसायच्या थांबल्या. काकू रडत होत्या. खुंटी वाकत होती, कुरकुरत होती, आत शिरत होती. खांबाच्या आणि वाशाच्या मधली फट माझ्या डोळ्यांदेखत मिटत गेली. बाप खांबाला कान लावून बसला होता.

घावाचा आवाज बदलला. जाड होता तो बारीक, टणक झाला.

"बस!" बाप म्हणाला.

"अजून एक बसंन," मी म्हटलं.

"बस म्हटलं नं. फाटंन."

काकूंनी हातोडा वर धरला होता. तो खाली आणायला त्यांना वेळ लागला.

एकामागून एक सगळ्या खुंट्या अशाच ठोकल्या. शेपटं आतल्या बाजूला चार बोटं बाहेर. काकूंनी प्रत्येक शेपटावर हात फिरवला. धार होती.

मॅडम ठरल्याप्रमाणे सकाळी आल्या. त्यांनी दोन्ही हातांनी वासा धरला, पाय रोवले आणि ओढला. मग म्हणाल्या, "आणा."

बैल आणला म्हणजे काय, अर्धी गल्ली दोराला लटकली होती. काकू पुढं उभ्या राहून त्याला हाका मारत होत्या, म्हणून तो खोड्यात शिरला. मागचा दांडा पडला, मान अडकली, आणि त्याला कळलं की आपल्याला फसवलंय. तो उसळला. मी जनावरांचं पुष्कळ पाहिलंय, पण असं पाहिलं नव्हतं. सगळं अंग एकदा डावीकडे आदळायचं, एकदा उजवीकडे. प्रत्येक धक्क्याला खांब जमिनीतून गुरगुरायचे. त्याचे खूर मातीत खड्डे पाडत होते, तोंडाचा फेस माझ्या शर्टावर उडत होता. शेपटं त्याच्या कुशीत शिरत होती. पांढऱ्या कातडीवर आधी ओरखडे उठले, मग लाल रेघा, मग त्या वाहायला लागल्या. काकूंनी पदर तोंडात कोंबला होता.

बाप पुढच्या सांध्यावर तळहात ठेवून उभा होता. बैलाचं डोकं त्याच्यापासून हातभर अंतरावर आपटत होतं. मी ओरडलो, मागं व्हा. तो झाला नाही.

"आवयून राह्यला," तो म्हणाला. "आवयून राह्यला बे!"

मॅडमनी भुलेची सुई दिली. पहिल्यांदा वाकली. दुसरी घेतली, मानेत टोचली, मग एक शिंगाच्या मुळाजवळ. बैल हळूहळू ढिला पडला. मग त्यांनी तारेची करवत शिंगाच्या बुडाशी अडकवली आणि मला एक टोक धरायला सांगितलं. त्या ओढायच्या, मी ओढायचो. जळक्या हाडाचा वास आला. आत सगळं सडलेलं होतं, रक्ताची चिळकांडी माझ्या तोंडावर आली. शिंग लोंबकळलं आणि त्याच वेळी बैलाला काय झालं कोण जाणे, भुलेतूनही तो एकदा पूर्ण ताकदीनं पुढं झेपावला. खोडा कण्हला. मी डोळे मिटले.

वासा सुटला नाही. जवारीच्या दाण्याएवढाही हलला नाही. शिंग मातीत पडलं होतं आणि मॅडम दोन्ही हातांनी जखमेत बोळे कोंबत होत्या.

नंतर सगळं शांत झालं. बैल उभा होता, डोक्याला पट्टी, तोंडातून लाळ. "वाचेल," मॅडम म्हणाल्या. "जखमेवर माश्या बसू देऊ नका. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत खोड्यातच राहू द्या." काकू खाली बसल्या आणि त्याच्या पायाला कपाळ लावून ढसाढसा रडल्या. मलाही रडू आलं. मी तोंडावरचं रक्त पुसतोय असं दाखवलं.

मग काकू उठल्या. त्यांनी बैलाच्या कुशीकडे पाहिलं. दोन्ही बाजूंना सोललेलं होतं, आणि तो थकून शेपटांवरच रेलला होता. त्यांचा हात आपल्या पिशवीकडे गेला. पिशवीतून आरीची मूठ बाहेर आलेली मला दिसली. बापालाही दिसली असावी, एवढ्या अंतरावरचं त्याला दिसतं.

मी म्हटलं, आता पुन्हा पेटणार. पुढं व्हायच्या तयारीत राहिलो.

बापानं खांद्यावरचा दुपट्टा काढला. दातात धरून फाडला, लांब पट्ट्या केल्या. मग बैलाच्या कुशीला एका हातानं हळूच बाजूला सारून, वाकून, एकेका शेपटाभोवती तो फडकं गुंडाळायला लागला. वळसा, पुन्हा वळसा, जाड गादी होईपर्यंत. त्याची बोटं सुजली होती, गाठ नीट बसत नव्हती. तरी तो करत राहिला. खुंटी तशीच राहिली, शेपूट तसंच राहिलं, बैल अजूनही ढकलणार होता आणि सांधा अजूनही आवळणार होता. फक्त त्याची कातडी निघणार नव्हती.

काकू आरीच्या मुठीवर हात ठेवून बघत राहिल्या.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "हे तवाच केलं असतं तं?"

बापानं वर पाहिलं नाही. "तवा सुचलं नाही," तो म्हणाला.

मला राग आला. अंगातलं सगळं रक्त पुन्हा डोक्यात चढलं. एवढंसं फडकं. आयुष्यभर ज्याला ते सुचलं नाही त्याला ते आज सुचलं, आणि कुणासाठी सुचलं, तर एका बैलासाठी. मला त्या बैलाचा हेवा वाटला. शिंग कापलेल्या, लाळ गाळत उभ्या असलेल्या बैलाचा. मी मुठी आवळून उभा होतो आणि माझी ती दोन बोटं ठणकत होती.

शेवटचं एकच शेपूट उरलं होतं, खोड्याच्या माझ्या बाजूचं. बापाचा हात तिथं पोचेना. त्यानं उरलेली पट्टी वाशावरून माझ्याकडे दिली. मी ती घेतली, गुंडाळली. त्यानं वाशाखालून हात घालून गाठीवर बोट धरलं, मी टोकं ओढली. सवयीनं ओढली, जोर लावून, जसं त्यानं शिकवलं होतं तसं. त्याचं बोट गाठीत अडकलं.

मी थांबलो. तो माझ्याकडे बघत होता. बोट काढून घेतलं नाही.

"घट्ट नको बे," तो म्हणाला.

त्याच्या तोंडून हे मी पहिल्यांदाच ऐकलं.